भाडं थकलं म्हणून पाणी तोडायचं?



गेल्या आठवड्यात मंदिरातून निघताना, पायरीवर चपला घालता घालता भाडेकरूंचा विषय निघाला. एकीचं दोन महिन्यांचं भाडं थकलंय. लगेच दुसरीने सल्ला दिला, "वरचा पाण्याचा कॉक बंद कर, दोन दिवसांत पैसे हातात येतील." सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही, कारण हा उपाय मी स्वतः करून बसले आहे.

सात-आठ वर्षं झाली असतील. आमच्या वरच्या दोन खोल्यांत एक कुटुंब राहत होतं. पाच तारखेचं भाडं कधी बाराला यायचं, कधी वीसला. त्या महिन्यात पंचवीस उलटली आणि रागाच्या भरात मी गच्चीवर जाऊन कॉक फिरवला. संध्याकाळी त्यांची लहान मुलगी कळशी घेऊन खाली आली. "आजी, आमच्याकडे पाणी येत नाहीये. तुमच्याकडे येतं का?" मी तेव्हा हंड्यावर गाळणं धरून पाणीच गाळत होते. पाण्यातल्या न दिसणाऱ्या जिवांना जपणारी मी, समोर उभ्या असलेल्या जिवाचं पाणी तोडून बसले होते. कळशी भरून दिली आणि तशीच वर जाऊन कॉक उघडला.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यातला शेवटचा अन्नपाननिरोध, म्हणजे कुणाचं अन्नपाणी अडवणं. पाठ करताना तो मला गाईगुरांपुरताच वाटायचा. कायदाही वेगळं सांगत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार घरमालकाला भाडेकरूचं पाणी, वीज अशी आवश्यक सोय तोडता येत नाही.

मग भाडं सोडून द्यायचं का? मुळीच नाही. आपल्यातल्या कितीतरी जणींची पेन्शन म्हणजे हे भाडंच असतं. त्यातून औषधं येतात, विजेचं बिल भरलं जातं. हक्काचं मागणं म्हणजे लोभ नव्हे. उलट आपण संकोचाने गप्प राहतो, थकबाकी वाढते, मनात राग साठतो आणि एक दिवस तो कॉकवर निघतो. माझं तेच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या आईला खाली बोलावून शांतपणे विचारलं. तिच्या नवऱ्याचा पगारच दहा तारखेनंतर व्हायचा. पाच तारीख आम्ही आमच्या सोयीने ठरवली होती. ती बारा केली. पुढे दोनदाच उशीर झाला, तोही आधी सांगून. हा प्रश्न मी पहिल्याच महिन्यात विचारायला हवा होता.

सगळे असे नसतात, हेही खरं. नंतरच्या भाडेकरूकडे नवी गाडी आली, पण भाड्याच्या वेळी रोज नवी सबब. तिथे मी कॉमर्समध्ये शिकलेलं कामाला लावलं. डिपॉझिट तीन महिन्यांचं असेल तर दुसरा महिना थकतानाच निर्णय घ्यायचा, कारण नोटीस आणि घर रिकामं होणं यातही वेळ जातोच. आधी मेसेज, मग लेखी पत्र, मग वकिलाची नोटीस. अर्धी रक्कम दिली तर घ्यायची, पण पावतीवर बाकी आणि तिची तारीख लिहायची. पावती देणं तर कायद्यानेच आपल्यावर आहे. मुदत संपल्यावर आम्ही करार वाढवला नाही. तो नाराज झाला, पण आवाज कुणाचाच चढला नाही.

हे जमलं, कारण करार नोंदवलेला होता. लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावरच टाकली आहे. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. जुन्या पद्धतीच्या भाडेकरूची गोष्ट वेगळी. तिथे थकबाकीसाठी लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावं लागतं, त्याआधी दावा लावता येत नाही. म्हणून आपला करार कोणता आहे, हे आधी पाहा.

आणि करारात भाडं कमी दाखवू नका. खोटा लेख म्हणजे कूटलेखक्रिया, सत्याणुव्रताचा अतिचार. शिवाय वाद झाला तर कागदावरचाच आकडा मोजला जातो. ठेव बुडवणं, म्हणजे न्यासापहार, हाही त्याच यादीत आहे. म्हणून त्या भाडेकरूलाही थकबाकी वजा करून, हिशेबाचा कागद हातात देऊन, उरलेलं डिपॉझिट त्याच दिवशी परत केलं. भिंतीला रंग द्यायचा म्हणून ते अडवून ठेवलं नाही.

आपण क्षमेचा अर्थ पुष्कळदा येणं सोडून देणं असा घेतो. मला तसं वाटत नाही. येणं मागावं, वेळेवर मागावं, कागदावर मागावं. सोडायचा तो राग. आणि कुणाकडे किती थकलंय, याची चर्चा मंदिराच्या पायरीवर करू नये. ज्याच्या घरात ओढाताण आहे, त्याची लाज आपण कशाला वाटून घ्यायची?

हे सगळं मी त्या दिवशी तिथेच बोलायला हवं होतं. पण कॉक मीही बंद केला होता, हे चारचौघींत सांगायला जीभ वळली नाही. म्हणून आज इथे लिहिलं.