वधस्तंभ कुणाच्या खांद्यावर?

"ताई, पाळकसाहेब म्हणाले, हा तुझा वधस्तंभ आहे, तो उचल. यातूनच तुझी आत्मिक वाढ होईल."

आमच्या सल्ला केंद्रात आलेली बाई सांगत होती. डावा हात प्लॅस्टरमध्ये. नवरा मंडळीच्या कमिटीवर. रविवारी दानाची थैली तोच फिरवतो.

समाजकार्याचं शिक्षण घेऊन मी हे काम करते. आमच्याकडे सगळ्या धर्मांच्या बायका येतात आणि प्रत्येकीला 'सहन कर' म्हणणारं कुणी ना कुणी असतंच. पण मी स्वतः ख्रिस्ती घरात वाढले. म्हणून आज माझ्याच मंडळीशी भांडणार आहे, तेही तिच्याच शास्त्राच्या आधारानं.

वधस्तंभ ही रोमी सत्तेची शिक्षा होती. येशूनं तो उचलायला सांगितला तो आपल्यामागे येणाऱ्या सगळ्यांना, पुरुषांनासुद्धा. सत्यासाठी किंमत मोजायची तयारी ठेवा, हा त्याचा अर्थ. नवऱ्याचा मार त्यात कुठे बसतो? येशूची चौकशी चालू असताना एका शिपायानं त्याला चपराक मारली, तेव्हा तो गप्प राहिला नाही. का मारतोस, असा जाब त्यानं विचारला. योहानाच्या अठराव्या अध्यायात हे आहे. त्यावरचं प्रवचन मी अजून ऐकलेलं नाही!

लग्नात मात्र पत्नीनं अधीन राहावं हा इफिसकरांस पत्रातला भाग हमखास वाचतात. त्याच्या अगदी आधी सर्वांनी एकमेकांच्या अधीन व्हावं असं लिहिलंय. पुढे, नवऱ्यानं बायकोवर स्वतःच्या शरीराइतकी प्रीती करावी असंही आहे. स्वतःचा हात कुणी मोडतं का?

लूकच्या तेराव्या अध्यायात 18 वर्षं कंबरेत वाकलेली एक बाई आहे. येशूनं तिला सभास्थानात सगळ्यांदेखत बोलावून सरळ उभं केलं. तिथला अधिकारी चिडला, कारण तो शब्बाथाचा दिवस होता. येशूनं विचारलं, त्या दिवशी तुम्ही बैल-गाढव सोडून पाण्यावर नेता ना? मग हिला का सोडवायचं नाही? माझ्या लेखी आत्मिक वाढ ती हीच. वाकलेल्या बाईनं ताठ उभं राहायचं आणि मंडळीनं ते बघून आनंद करायचा.

काही जण म्हणतात, "आपण अल्पसंख्य, आधीच संशयाच्या नजरा, घरचं बाहेर कशाला?" ही भीती खोटी नाही. पण समाजाची अब्रू बाईच्या मोडक्या हातावर का तोलायची? 1869 च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार तेवढा पुरे होता. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. तो भेद 2001 साली गेला, कारण बायका कोर्टात गेल्या, बोलल्या.

आणि हे बोलणं परकं नाही. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी आपली सदसद्विवेकबुद्धी तिथल्या धर्मगुरूंच्या हवाली केली नाही. पुढे हिब्रू-ग्रीकवरून बायबल त्यांनी स्वतः मराठीत आणलं. त्यांच्या नावानं कार्यक्रम करणाऱ्यांनी त्यांचा हा हट्टही घ्यावा.

पाळकसाहेब, प्रार्थना जरूर करा. पण आधी तिला दवाखान्यात न्या, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तिच्याबरोबर जा आणि मारणाऱ्याला कमिटीवरून उतरवा. मैत्रिणींनो, तुमच्या महिला सभेत पुढच्या वेळी लूकचा तेरावा अध्याय वाचा. मग एकमेकींना विचारा, आपल्यातली कोण अजून वाकलेली आहे?