चुकीचें मोल

पैठणच्या वाटेवर चितेगांवचे कारखाने लागतात. तेथें सदोष निघालेला माल बाजूस काढतात. त्यास कोणी दुप्पट किंमत देऊं लागला तर लोक त्याला वेड्यांत काढतील. चांदीच्या नाण्यांच्या बाजारांत मात्र न्याय उलटा आहे. ठसा सरकलेला किंवा चकती तुटकी असा रुपया दिसला कीं निर्दोष रुपयाच्या अनेकपट मोल मागितलें जातें. या शौकाविषयीं आम्हांस चार शब्द स्पष्टपणें बोलावयाचे आहेत.

शौकिनांची बाजू प्रथम मांडूं. ते म्हणतात, चूक दुर्मिळ असते आणि तिजवरून टाकसाळीची रीत कळते. हें खरें आहे. पाडलेलें नाणें ठशास चिकटून राहिलें म्हणजे पुढच्या चकतीवर त्याचीच आकृति खोलगट व उलटी उठते. असें नाणें यंत्राजवळच्या एका क्षणाची साक्ष देतें. त्याचा अभ्यास करणारास आम्ही हंसणार नाहीं. आमचा वाद मोल ठरविण्याच्या रीतीशीं आहे.

पहिली गोष्ट, चूक कशास म्हणावें हेंच पुष्कळांस ठाऊक नाहीं. औरंगाबादेस मोगलांची टाकसाळ होती; तिच्या नाण्यांवर शहराचें नांव 'खुजिस्ता बुनियाद' असें येतें. तीं नाणीं हातोड्यानें पाडलेलीं. ठसा चकतीहून मोठा, म्हणून कांहीं मजकूर बाहेर राही. तो नित्याचाच प्रकार होय. निजामाचा चारमिनार छापाचा हाली रुपया यंत्रावर निघे. तेथें मजकूर अर्धवट दिसला तर विचारास जागा आहे. हा भेद न जाणतां पैसे मोजले तर चूक गिऱ्हाइकाची, टाकसाळीची नव्हे.

दुसरी गोष्ट, दोषास किंमत आली कीं दोष करणारे निपजतात. दोन रुपये एकावर एक ठेवून जोरानें दाबले कीं उलटी आकृति उमटते. कानशीनें कडा घासली कीं तुटकी चकती तयार!

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें क्षत्रप नहपानाचीं तेरा हजारांहून अधिक चांदीचीं नाणीं एकत्र सांपडलीं. त्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हा मारलेला होता. मुखवट्यावर दुसरें चिन्ह पाहून आजचा एखादा दलाल त्यांस 'दुहेरी चूक' म्हणून सुटीं विकील. एकट्या नाण्यानें दोन छाप दाखविले असते. हजारोंच्या राशीनें राज्य बदलल्याचें सांगितलें. ती रास एकत्र तपासली गेली, म्हणूनच इतिहासास ही साक्ष मिळाली.

आणि आपल्या घरांत काय चालतें? आजीच्या गाठोड्यांतला एखादा वांकडा रुपया दलालाकडे जातो आणि उरलेले साधे रुपये सोनाराच्या मुशींत आटतात. ते कोणाचे, कोणत्या व्यवहारांत आले, हें सांगणारें माणूस गेलें कीं सारेंच गेलें. जमिनींत सांपडलेलें जुनें धन तर १८७८ च्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यास कळवावयाचें असतें. तेंही गुपचूप विकलें जातें.

वाचकांस आमची विनंति एवढीच : संग्रह अवश्य करा, पण विकण्याआधीं वा आटविण्याआधीं प्रत्येक नाण्याची हकीकत घरांतल्या वडील माणसांस विचारून कागदावर उतरून ठेवा. टाकसाळीची चूक एका चकतीपुरती असते. आपली चूक पिढ्यांच्या पदरीं पडते.