तडजोड कर्जाची, पण घरातला हिस्सा कुणाचा?

'एकरकमी भरा आणि मोकळे व्हा' असे बँकेचे पत्र आले की थकबाकीदार कुटुंबाचा जीव भांड्यात पडतो. किती लाख माफ झाले याचीच चर्चा होते. पण ही तडजोड पुरी करताना घरातली आपली मालकी किती उरली, हा प्रश्न कुणीच विचारत नाही. गाव सोडून शहराची वाट धरलेल्या आपल्या समाजाकडे वडिलोपार्जित जमीन नाही, दुकान नाही, शेअर नाहीत. आहे ते एक घर. म्हणून हा प्रश्न आपल्यासाठी सर्वात मोठा आहे.

समजा, घराची बाजारातली किंमत २० लाख आहे आणि बँकेचे येणे ९ लाख. म्हणजे ११ लाखांची मालकी तुमची आहे, बँकेची नव्हे! घर लिलावात १४ लाखांना गेले आणि जप्ती-लिलावाचा खर्च ५० हजार झाला, तर तुमच्या हाती उरतात साडेचार लाख. तेच घर घाईने का होईना, स्वतः १८ लाखांना विकले असते तर ९ लाख उरले असते. व्याजात लाखभराची सूट मिळाली म्हणून आनंद मानणारा माणूस हा साडेचार लाखांचा फरक पाहतच नाही.

कायदा काय सांगतो? २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला कोर्टाची पायरी न चढता गहाण घर विकण्याचा अधिकार दिला. कलम १३(२) ची नोटीस, ६० दिवसांची मुदत, मग ताबा आणि लिलाव. त्याच कलमाच्या पोटकलम ७ प्रमाणे खर्च आणि येणे वजा जाता उरलेली रक्कम हक्कदाराला परत द्यावी लागते. ती बँकेची मेहेरबानी नसते. नोटिशीनंतर घर स्वतः विकायचे असेल तर बँकेची लेखी संमती लागते, पण ती मागता येते. आणि मागायची ती वेळेत. २०१६ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण येणे भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच उरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात हेच स्पष्ट केले. 'लिलावाच्या दिवशी बघू' म्हणणाऱ्याचे दार त्याआधीच बंद झालेले असते.

आपले कर्ज सहकारी बँकेचे आहे, तिथे हा कायदा चालत नाही, असा समज अजूनही अनेकांचा आहे. मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात मे २०२० मध्ये घटनापीठाने निकाल देऊन तो मोडीत काढला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने मजुराचे आणि घरकामगाराचे राहते घर जप्तीतून वगळले आहे खरे. पण गहाणखतावर सही केली की त्या कर्जापुरते ते संरक्षण संपते.

आता तडजोडीच्या न्यायाकडे पाहू. एकरकमी तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सांगितले. घराची किंमत कर्जापेक्षा जास्त असली की बँक सूट द्यायला नाखूश असते, कारण तिचे पैसे कुठे जात नाहीत! उलट जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाणूनबुजून कर्ज बुडवणाऱ्यांशी आणि फसवणूक केलेल्यांशीही तडजोड करण्याची मुभा बँकांना दिली.

दिवाळखोरी संहितेचेही तेच. २०१६ च्या या संहितेत व्यक्तींसाठी परतफेड योजना आणि 'नव्याने सुरुवात' अशी तरतूद आहे. पण १ डिसेंबर २०१९ पासून तो भाग लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांसाठी. त्यांचे गहाण नसलेले एक राहते घर शहरात २० लाखांपर्यंत, गावात १० लाखांपर्यंत सुरक्षित. सामान्य कर्जदाराला मात्र हे दार अजून उघडलेले नाही. आणि उद्या उघडले तरी काय? 'नव्याने सुरुवात' करायला वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत आणि कर्ज ३५ हजारांच्या आत हवे, शिवाय नावावर घर नको, गहाण पडलेलेसुद्धा! म्हणजे एका खोलीचा मालक झालात हाच तुमचा गुन्हा. हा कुठला समान न्याय?

तडजोडीची रक्कम भरायला सावकाराकडे किंवा जास्त व्याजाच्या फायनान्स कंपनीकडे तेच घर पुन्हा गहाण टाकणे हा तर सर्वात मोठा सापळा आहे. कर्ज फिटत नाही, फक्त सावकार बदलतो.

पैसे भरून झाले तरी काम संपत नाही. थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे परतफेड किंवा तडजोड पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करावी लागतात. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर रोज ५ हजार रुपये भरपाई मिळते. सातबारा, मिळकत पत्रिका आणि सोसायटीच्या दप्तरातला बोजा उतरवून घ्या. बोजा राहिला तर घर विकताही येत नाही आणि त्यावर मुलाच्या शिक्षणाचे कर्जही मिळत नाही.

समाजातल्या वकिलांनी, बँक कर्मचाऱ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत बसून तडजोडीची पत्रे वाचून दाखवली पाहिजेत. सही करण्याआधी घराचे मूल्यांकन, बाकी येणे आणि विक्रीनंतर हाती उरणारी रक्कम हे तीन आकडे प्रत्येकाने कागदावर मांडावेत. आणि संघटनांनी सरकारकडे मागणी लावून धरावी की संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग सामान्य कर्जदाराला लागू करा आणि राहत्या घराची अट काढून टाका. जामीनदार उद्योगपतीच्या छताला जे संरक्षण आहे, ते सफाई कामगाराच्या छताला का नको?