दूधवाल्याला तिजोरीची किल्ली

मंडळी, आजची पोस्ट जरा तांत्रिक आहे, पण आत्या-मामांनी लगेच पळून जाऊ नये. प्रोग्रामरने लिहिलेला कोड तपासून आपोआप सर्व्हरवर चढवणाऱ्या व्यवस्थेला पाइपलाइन म्हणतात. तो ज्या सर्व्हरांच्या कळपावर चढतो तो क्लस्टर, आणि कळप हाकणारा गुराखी म्हणजे कुबरनेटिस. पाइपलाइनला क्लस्टरात शिरायला किल्ली लागते. माझं भांडण त्या किल्लीवरून आहे.

इथे नागपुरात बसून आम्ही दूरदूरच्या क्लायंटांचे क्लस्टर सांभाळतो. नवीन प्रोजेक्ट हातात आला की बहुतेक वेळा दिसतं तेच. ॲडमिनची कुबकॉन्फिग फाइल पाइपलाइनच्या सीक्रेटमध्ये चिकटवलेली, आणि वर "चालून राहिलं नं, मग काहून हात लावता?" अहो, दारात पिशवी ठेवणाऱ्या दूधवाल्याला महालातल्या अख्ख्या वाड्याची किल्ली दिलीत, तिजोरीसकट!

बरं, ही किल्ली साधीसुधी नाही. कुबॲडमने उभारलेल्या क्लस्टरात त्या फाइलमधलं सर्टिफिकेट वर्षभर चालतं, आणि एकदा दिलेलं सर्टिफिकेट रद्द करायची सोयच कुबरनेटिसमध्ये नाही. चोरीला गेलं तर वाड्याची सगळी कुलपं बदलायची.

"आपली कशाला चोरीला जाते?" हा पुढचा प्रश्न. जानेवारी २०२३ मध्ये सर्कलसीआय या पाइपलाइन सेवेने आपल्या सगळ्या ग्राहकांना सगळी सीक्रेट्स बदलायला सांगितली. कारण त्यांच्या एका इंजिनिअरच्या लॅपटॉपात मालवेअर शिरलं होतं. ग्राहकांचा काय दोष? मार्च २०२५ मध्ये तर टीजे-ॲक्शन्सचा एक छोटा तुकडा बिघडवला गेला. तेवीस हजारांवर रिपॉझिटरी तो वापरत होत्या. तो सीक्रेट्स थेट बिल्डच्या लॉगमध्ये छापू लागला.

उपाय जुने झालेत. गिटहब, गिटलॅब दोघेही पाइपलाइनला दर वेळी ओआयडीसीचं सही केलेलं टोकन देतात. ते दाखवून काही मिनिटांपुरता प्रवेश घ्यायचा, तोही एकाच नेमस्पेसमध्ये, डिप्लॉयमेंट बदलण्यापुरता. साठवलेली किल्लीच नाही, तर चोरणार काय? खुद्द कुबरनेटिसने १.२४ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ मध्ये, सर्व्हिस अकाउंटला आपोआप कायमचं टोकन देणं बंद केलं. आम्ही मात्र ते हाताने बनवून पुन्हा चिकटवतो. धन्य!

त्याहून मला आवडतो तो उलटा रस्ता. आर्गो सीडी किंवा फ्लक्स क्लस्टराच्या आत बसतो आणि गिटमधून काय चढवायचं ते स्वतः ओढून घेतो. बाहेरच्याला किल्ली द्यायची नाही, की ६४४३ पोर्ट जगासाठी उघडा टाकायचा नाही. मग गिटमध्ये कोण लिहितं यावर पहारा हवाच. तो ठेवा की!

"छोट्या टीमला परवडत नाही" हे मात्र मला सांगू नका. नेमस्पेसपुरता रोल लिहायला वीस ओळींचं यॅमल लागतं. तेवढ्या वेळात तर्री-पोह्याची एक प्लेट होते.