इंजिन शाबूत, पार्ट गायब

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन, मिनेसोटासारख्या तळ्यांच्या प्रदेशात आजोबांच्या गॅरेजची साफसफाई निघाली की कोपऱ्यात एखादं जुनं आऊटबोर्ड इंजिन सापडतंच. होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं, दोरी ओढून चालू करायचं, 1950 च्या दशकातलं जॉन्सन किंवा इव्हिनरूड. फ्लायव्हील हाताने फिरतं, पिस्टन जाम झालेला नाही, म्हणजे इंजिन शाबूत. फक्त ठिणगी पडत नाही. फ्लायव्हील उतरवलं की दुखणं समोर येतं: ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोच्या कॉईलवरचं आवरण भेगाळलेलं आणि आतली वीज भलतीकडेच पळणारी.

हे दुखणं त्या पिढीतल्या बहुतेक इंजिनांना जडलेलं आहे, आणि गंमत म्हणजे त्यावरचा इलाज आजही विकत मिळतो. कारण साधं आहे. जॉन्सन आणि इव्हिनरूड ही एकाच कंपनीची भावंडं, आणि त्या कंपनीने दरवर्षी रंग, झाकण, स्टिकर बदलले तरी कॉईल मात्र वर्षानुवर्षं तीच ठेवली. एक कॉईल कितीतरी मॉडेलना चालते, त्यामुळे मागणी टिकते आणि दुसऱ्या कंपन्यांनाही ती बनवणं परवडतं. जुनं इंजिन वाचतं ते मालकाच्या हळवेपणावर कमी आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वी ड्रॉइंग बोर्डवर कुणीतरी दाखवलेल्या शहाणपणावर जास्त.

खरी पंचाईत होते ती नाव अनोळखी निघालं की. त्या काळी अमेरिकेत टायर विकणारी गुडइयरसुद्धा ‘सी बी’ नावाने बोटीची इंजिनं विकायची. सिअर्सची ‘एल्जिन’, माँटगोमेरी वॉर्डची ‘सी किंग’. नाव दुकानाचं, इंजिन तिसऱ्याच कारखान्याचं. पुष्कळशी एल्जिन वेस्ट बेंडने बनवलेली. सी बी मात्र जॉन्सन-इव्हिनरूडच्याच घरातल्या गेल प्रॉडक्ट्सची. हे नातं ठाऊक नसलेला माणूस ‘सी बी’चे पार्ट शोधत वर्ष घालवतो. ठाऊक असलेला मॉडेल नंबर बघतो आणि थेट जॉन्सनच्या यादीत शिरतो. ही माहिती कंपन्यांनी नव्हे, 1965 पासून चालत आलेल्या अँटिक आऊटबोर्ड मोटर क्लबसारख्या हौशी मंडळींनी जपली. जुन्या पार्टयाद्या, माहितीपत्रकं, कुठल्या इंजिनाचं काय कुठे बसतं याची टिपणं, हे सगळं त्यांनीच सांभाळलं.

प्रत्येक जुना पार्ट शोधून तसाच बसवावा, असा हट्ट मात्र धरू नये. 1950 च्या दशकातल्या अनेक जॉन्सन-इव्हिनरूडना पेट्रोलपंप नव्हता. इंजिन दुहेरी नळीतून टाकीत हवा भरायचं आणि त्या दाबाने पेट्रोल वर चढायचं. म्हणजे पायाशी दाबाखालची पेट्रोलची टाकी! त्या टाकीची वॉशरं, जोडण्या मिळणं कठीण, आणि त्यात आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनं रबर लवकर खराब होतं. तिथे साधा पेट्रोलपंप बसवावा आणि मूळ टाकी फडताळात ठेवावी. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली तरी हरकत नाही.

इव्हिनरूडची पुढची कथा बोलकी आहे. ओले इव्हिनरूड यांनी 1909 मध्ये इंजिनं विकायला सुरुवात केली. मूळ कंपनीचं 2000 च्या डिसेंबरमध्ये दिवाळं निघालं, बॉम्बार्डिअरने 2001 मध्ये तिचा इंजिनांचा व्यवसाय विकत घेतला आणि 2020 च्या मे महिन्यात उत्पादन कायमचं थांबलं. सुट्या भागांचा पुरवठा चालू राहील, असं तेव्हा ग्राहकांना सांगण्यात आलं. पण अखेरच्या काळातली ही इंजिनं कॉम्प्युटरवर चालणारी. 1955 च्या इंजिनाची कॉईल कुठलाही कारागीर उघडून समजून घेऊ शकतो. या इंजिनांचं कंट्रोल युनिट तसं उघडून काही कळत नाही. पन्नास वर्षांनी ती कोण आणि कशी दुरुस्त करणार?

उलट इंग्लंडमधलं ब्रिटिश सीगल बघा. त्याचं उत्पादन 1996 मध्ये बंद झालं, तरी रचना इतकी साधी आणि इतकी कमी बदललेली की त्याचे सुटे भाग आजही नव्याने बनतात. आपल्याकडचं उदाहरणही जवळचंच आहे. ब्रिटनमधली रॉयल एनफिल्ड संपली, मद्रासमध्ये बुलेट बनत राहिली आणि तिकडच्या जुन्या गाड्यांना इकडून पार्ट जाऊ लागले.

म्हणून कंपनीने एखादं इंजिन बनवणं थांबवलं की ठरावीक मुदतीनंतर त्याची ड्रॉइंग, पार्ट नंबर आणि दुरुस्तीची पुस्तकं सर्वांना खुली व्हायला हवीत. जो माल कंपनी स्वतःच विकत नाही, त्याचं गुपित सांभाळून तिला मिळतं काय?

हा प्रश्न अमेरिकी छांदिष्टांपुरता नाही. कोकणातल्या लहान होड्यांनाही आऊटबोर्ड इंजिनं असतात आणि ऐन हंगामात एक पार्ट अडला की होडी किनाऱ्यालाच राहते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा शेती अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही क्षेत्रं निवडली होती. होडीच्या इंजिनाचं नाव त्यात नव्हतं. मच्छीमार संस्थांनी आणि किनारपट्टीच्या खासदारांनी ते घालून घ्यावं.