रेंडर फार्म: यंत्रे कुठे आणि रांग कोणाची?



‘घरची यंत्रे मोडीत काढा, रेंडरिंग क्लाउडवर न्या’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला सरसकट घेण्याजोगा नाही. यंत्रे कुठे आहेत आणि त्यांना कामे कोण वाटून देतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पत्रात त्यांची गल्लत झाली आहे.

गूगलने 2014 मध्ये झिंक ही क्लाउड रेंडर सेवा विकत घेतली आणि 2021 मध्ये बंद केली. ज्यांनी सगळी घडी तिच्यावर बसवली होती, त्यांनी काय करायचे? उलट गूगल आणि सोनी पिक्चर्स इमेजवर्क्स यांनी 2019 मध्ये खुले केलेले ओपनक्यू हे कामांची रांग लावून ती यंत्रांना वाटणारे सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालते, क्लाउडवरही चालते. मात्र ते सांभाळायला जाणकार माणूस लागतो, आणि त्याचा पगार हिशेबात कोणी धरत नाही.

क्लाउडवर शिल्लक पडलेल्या, स्वस्तात मिळणाऱ्या ‘स्पॉट’ यंत्रांचे कौतुकही अर्धेच. अ‍ॅमेझॉन ती दोन मिनिटांची सूचना देऊन परत घेऊ शकते. छोट्या फ्रेमना हे चालते. धूर-पाण्याच्या सिम्युलेशनमध्ये प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवर उभी असते. तिथे मध्येच यंत्र गेले की पंचाईत. शिवाय तयार फ्रेम उतरवून घेण्याचे शुल्क वेगळे.

घरच्या यंत्रांसाठीच्या एसी आणि जनरेटरच्या बिलाबद्दल पत्रलेखक म्हणतात ते मात्र खरे, अगदी नको इतके खरे. तरीही रोजचे ठरलेले काम घरी, डिलिव्हरीच्या आठवड्यातला लोंढा क्लाउडवर आणि दोन्हींची रांग आपल्याच हातात, असेच मी सुचवेन.

– एक रेंडर रँगलर, पुणे