नकाराची किंमत

नाशिकमधील एका माध्यमिक शाळेच्या शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला. शाळेने ती बेशिस्त मानली, त्याची वरची वेतनश्रेणी अडली आणि दाद मागायला त्याला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २०१३ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. प्रार्थनेत हात जोडण्याची सक्ती हा मूलभूत हक्कांचा भंग ठरतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

या प्रकरणात कोणी कोणाच्या देवाला नावे ठेवली नव्हती. एका माणसाने एक कृती केली नाही, एवढेच घडले होते. तरीही त्याची वसुली पगारातून झाली. कामाच्या ठिकाणच्या धर्माविषयी विचार करताना मला हेच मोजमाप सर्वांत खरे वाटते. एखाद्या कचेरीत किती सण साजरे होतात, यावरून तिथल्या सलोख्याची कल्पना येत नाही. ‘मी यात नाही’ म्हणणाऱ्याला तिथे काय मोजावे लागते, यावरून येते. ही किंमत आपल्याकडे दोन बाजूंनी वाढते आहे. एकीकडे धर्माची भाषा अधिकाराच्या खुर्चीवरून बोलली जाते आहे आणि दुसरीकडे दुखावलेल्या भावनेच्या हाती कायद्याची काठी आली आहे. या दोहोंच्या मध्ये सापडतो तो एकटा पडलेला माणूस, मग तो कोणत्याही धर्माचा असो वा कोणताच धर्म न मानणारा असो.

धर्माने कामाच्या ठिकाणी पाऊलच टाकू नये, असे माझे म्हणणे नाही. महाराष्ट्रातल्या कष्टकऱ्यांचे जग त्याशिवाय समजणार नाही. खंडेनवमीला कारखान्यात लेथला झेंडूचा हार पडतो, एसटीच्या आगारात गाड्या धुऊन सजवल्या जातात, छापखान्यात यंत्राला हळदकुंकू लागते. ज्या हत्यारावर पोट चालते त्याच्याविषयीची ती कृतज्ञता आहे, आणि तीत दुसऱ्या धर्माचा फिटर किंवा वेल्डर आपणहून सामील होताना अनेकांनी पाहिला आहे. तिथे गोडवा असतो, कारण ती बरोबरीच्या माणसांनी उभी केलेली गोष्ट असते. कोण आला आणि कोण नाही, याची नोंद कोणी ठेवत नाही.

हीच गोष्ट साहेबांच्या दालनातून निघाली की तिचा स्वभाव पालटतो. सत्यनारायणाची सूचना कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते. वर्गणीची यादी टेबलावरून टेबलावर फिरते आणि तीत प्रत्येकाच्या नावापुढे रक्कम दिसते. आरतीनंतर सर्वांचा फोटो निघतो. सूचनेत ‘ऐच्छिक’ असा शब्दही असतो. पण जो गोपनीय अहवाल लिहितो, बदलीची शिफारस करतो, कंत्राटाची मुदत वाढवतो, त्याने बोलावलेल्या कार्यक्रमाला ऐच्छिक म्हणून काय उपयोग? कायम नोकरीतला कर्मचारी एखादे वेळी टाळू शकतो. कंत्राटी सफाई कामगार किंवा प्रोबेशनवरची मुलगी टाळू शकत नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला की सरकारी कर्मचाऱ्यांनी फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावे. सक्ती नव्हती, आवाहन होते. काही मुस्लिम संघटनांनी हरकत घेतली. या गीताच्या इतिहासाविषयीचा वाद जुना आहे आणि त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की ज्याच्या मनाला हे उच्चारणे रुचत नाही तो तहसील कचेरीतला लिपिक दिवसभर ‘नमस्कार’ म्हणत राहिला, तर शेजारच्या टेबलावरून त्याच्याकडे कसे पाहिले जाईल? आदल्या दिवशी ज्या अभिवादनाचा कोणी काही अर्थ लावत नव्हते, तेच दुसऱ्या दिवशी निष्ठेची परीक्षा होऊन बसते. शासनाने हे घडवायचे ठरवले नसेलही, पण शासनाच्या शिक्क्याने ते घडते.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते: ‘ही संस्कृती आहे, धर्म नव्हे.’ उत्तर प्रामाणिक असते, पण अपुरे असते. एखादी गोष्ट संस्कृती आहे की उपासना, हे करणाऱ्यापेक्षा न करणाऱ्याला अधिक नेमके कळते. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. राम, कृष्ण, गौरी-गणपती यांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा त्यांत आहे. ती पाळणाऱ्या बौद्ध कर्मचाऱ्याला कार्यालयातल्या गणपतीपुढे उभे करणे म्हणजे त्याला त्याचा शब्द मोडायला लावणे होय. तो गप्प राहतो आणि आपण त्याच्या गप्प राहण्याला सहभाग समजतो.

आणि हा भेद फक्त दोन धर्मांमधला नाही. संक्रांतीनंतर कार्यालयात हळदीकुंकू होते तेव्हा तिथली विधवा सहकारी कुठे असते, हे आठवून पाहावे. ती फाइल घेऊन दुसऱ्या खोलीत गेलेली असते किंवा तिने त्या दिवशी रजा टाकलेली असते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितले. जे एका गावाला उमगले, ते शहरातल्या सुशिक्षित कचेरीला उमगायला हवे. स्वधर्मातल्या बाईलाही जो समारंभ बाहेर ठेवतो, त्याला ‘सगळ्यांचा’ म्हणता येत नाही.

हा प्रश्न संविधान सभेपुढे फार गांभीर्याने आला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली की उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी. कामतांची श्रद्धा खरी होती, आणि विरोध करणाऱ्यांतही श्रद्धावान होते. हृदयनाथ कुंझरू विरोधात बोलले. पट्टम थाणू पिल्लई यांचा मुद्दा असा होता की ईश्वर मानणाऱ्यानेही इतरांवर तो लादू नये. मतदान झाले, ४१ बाजूने, ६८ विरुद्ध. फाळणीच्या जखमा ओल्या असताना, बहुसंख्य सभासद देव मानणारे असताना, त्यांनी देवाचे नाव राष्ट्राच्या सामाईक वाक्यात घातले नाही. त्याच संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्याला दोन वाटा दिल्या आहेत. त्याने ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी किंवा गांभीर्याने प्रतिज्ञा करावी. दोन्हींचे मोल सारखे. जी मोकळीक मंत्र्याला आहे, ती शिपायाला आणि शिक्षिकेला नको का?

या मोकळिकीला मर्यादा असू शकतात. रेजिमेंटच्या धार्मिक संचलनात गाभाऱ्यात जायला नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती लष्करी अधिकाऱ्याची सेवेतून बडतर्फी दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कायम ठेवली. तुकडीची एकजूट आणि आज्ञापालन यांना न्यायालयाने अधिक वजन दिले. त्या निर्णयाविषयी मतभेद होऊ शकतात. पण लष्कराची शिस्त जीव पणाला लागणाऱ्या प्रसंगासाठी घडवलेली असते. ते तर्कशास्त्र उद्या बँकेच्या शाखेत किंवा महाविद्यालयाच्या कार्यालयात आणून ‘सर्वांनी एकत्र दिसले पाहिजे’ असे कोणी म्हणू लागले, तर नाशिकच्या शिक्षकाने मिळवलेला निकाल कागदावरच राहील.

आता दुसरी बाजू, दुखावलेल्या भावनेची. १९२७ मध्ये लाहोरच्या एका पुस्तकावरून उसळलेल्या क्षोभानंतर भारतीय दंड संहितेत कलम २९५अ आले. धार्मिक भावना जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने दुखावणे हा गुन्हा ठरला. त्याच वेळी कायदेमंडळातल्या चर्चेत मुंबईचे प्रतिनिधी बॅरिस्टर जीना यांनी बजावले होते की इतिहासाचा शोध घेणाऱ्यांना आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना संरक्षण राहिले पाहिजे. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले, तेही याच आधारावर की ते हेतुपुरस्सर केलेल्या गंभीर अवमानापुरते आहे. आज भारतीय न्याय संहितेत ते कलम २९९ म्हणून आहे. शब्द जवळजवळ तेच आहेत, पण वापर बदलला. हेतू सिद्ध होण्याची वाट कोण पाहतो? तक्रार, अटक, नोकरी जाणे हीच शिक्षा होऊन बसते.

जानेवारी २०१५ मध्ये मुंबईतल्या एका उर्दू दैनिकाच्या संपादक शिरीन दळवी यांनी ‘शार्ली एब्दो’ या फ्रेंच व्यंग साप्ताहिकाचे मुखपृष्ठ बातमीसोबत छापले. त्यांनी माफी मागितली. तरीही ठिकठिकाणी तक्रारी झाल्या, त्यांना अटक झाली, आवृत्ती बंद पडली आणि नोकरी गेली. त्याआधी २००९ मध्ये तुकारामांवरच्या कादंबरीवरून वारकऱ्यांचा रोष झाला. आनंद यादव यांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतले, आणि तरीही साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना सोडावे लागले. एक प्रकरण मुस्लिम समाजातले, दुसरे वारकरी संप्रदायातले. दोन्हींत माफीने काही भागले नाही. संवेदनशीलता म्हणजे समोरच्याचे दुःख ओळखणे. ती जेव्हा समोरच्याला गप्प करण्याचे साधन होते, तेव्हा सर्वांत मोठा आवाज ज्याचा, त्याच्याच भावना मोजल्या जातात. कचेरीतल्या एकट्या बौद्धाच्या किंवा विधवेच्या भावना दुखावल्या म्हणून आजवर किती पोलीस ठाण्यांपुढे जमाव जमले आहेत?

व्यासपीठावरची भाषा कचेरीत उतरायला वेळ लागत नाही. मार्च-एप्रिल २०२० मध्ये तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेच्या निमित्ताने कोरोनाला धर्म चिकटवला गेला, आणि भाजी विकणाऱ्याला त्याचे नाव विचारले जाऊ लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केले गेल्याकडे बोट दाखवले. निकाल आला, पण ज्याची गाडी गल्लीतून हाकलली गेली त्याला तो कोणी वाचून दाखवला नाही. आणि मे २०१५ मध्ये मुंबईतल्या एका हिरे-निर्यात कंपनीने एका तरुण पदवीधराला लेखी कळवले होते की आम्ही फक्त मुस्लिमेतर उमेदवार घेतो. कंपनीने पुढे ही चूक असल्याचे सांगितले. मला त्यातले धोक्याचे वाटते ते हे, की ते वाक्य टाइप करताना लिहिणाऱ्याचा हात अडखळला नाही. जेवणाच्या सुट्टीत ‘तू त्यांच्यातला वाटत नाहीस’ असे कौतुकाने म्हटले जाते, कोणाच्या मोहल्ल्याला सहज दुसऱ्या देशाचे नाव दिले जाते, आणि मग एक दिवस तेच वाक्य पत्रात उतरते.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. संविधानाचे कलम १६ सरकारी नोकरीतल्या भेदभावाला आळा घालते. खासगी नोकरीत धर्मावरून डावलल्यास थेट दाद देणारा सर्वंकष कायदा आपल्याकडे नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली. धार्मिक शेरेबाजीसाठी तशी जागा नाही. ती निर्माण व्हायला हवी, आणि ती पोलीस ठाण्यात नसावी. आधी बोलणे, मग समज, मग शिस्तभंगाची कारवाई, आणि फौजदारी कायदा अगदी शेवटी, असा क्रम राहिला तर दुखावलेल्याला न्याय मिळेल आणि बोलणाऱ्याचे आयुष्यही उद्ध्वस्त होणार नाही.

बाकीचे उपाय साधे आहेत. धार्मिक कार्यक्रमाची सूचना वरिष्ठाने काढू नये. वर्गणीची यादी फिरवू नये. कार्यक्रम कामाच्या वेळेत असू नये आणि त्याचे फोटो कार्यालयाच्या नावाने प्रसिद्ध होऊ नयेत. ज्याला सण करायचा आहे त्याला रजा आणि जागा सढळ हाताने मिळावी, मग तो रमजानचा इफ्तार असो, गुड फ्रायडे असो की गौरी-गणपती. धर्म न सांगण्याचाही हक्क मानला जावा. कोणत्याही स्वरूपात धर्म जाहीर करण्याची सक्ती शासन करू शकत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितले आहे.

हे विचार आपल्याला परके नाहीत. महात्मा फुल्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात असे घर कल्पिले की ज्यात आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी होईल, आणि तरी सगळे एकमेकांवर प्रेम करत एकत्र नांदतील. १८९१ मध्ये छापले गेलेले ते पुस्तक आहे. त्यांनी एका घरासाठी जे शक्य मानले, ते आठ तास एकत्र बसणाऱ्या कचेरीसाठी आपण अशक्य मानू लागलो आहोत.

ते तसेच चालू राहिले तर काय होईल, हेही दिसते आहे. ज्यांना नकार परवडत नाही ते मान डोलावतील. ज्यांना परवडतो ते आपापल्या लोकांच्या कंपनीत, आपापल्या लोकांच्या वस्तीत निघून जातील. मागे उरलेल्या कचेरीत सगळे एकसारखे बोलतील आणि त्यालाच एकोपा म्हटले जाईल. श्रद्धेचेही यात भले नाही, कारण साहेबांच्या धाकाने जोडलेले हात ही फक्त हजेरी असते. म्हणून पुढचे परिपत्रक काढण्याआधी, पुढची तक्रार नोंदवण्याआधी, आपल्याहून कमी ताकदीचा माणूस याला निर्भयपणे ‘नाही’ म्हणू शकेल का, हे तपासण्याची जबाबदारी अधिकार असलेल्याची आहे. उत्तर ‘नाही’ असेल, तर ते परिपत्रक तिथेच थांबले पाहिजे.